डाव्या बाजूची मुलं

केळझर,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय विवेक,

सप्रेम जयभीम.

आम्ही इकडे बरे आहोत. तुम्ही दोघंही बरे असाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. खरं काय ते मला ठाऊक नाही, कारण तू कळवत नाहीस आणि मी विचारत नाही. तुझे भाऊजी सध्या अमरावतीच्या गाडीवर आहेत. आमचा पियुष नागपूरला परीक्षेच्या नावाखाली वजन वाढवतोय. थंडी सरत आली, हरभरा सोंगणीला आलाय.

मोबाइलच्या काळात ताई पोस्टात कशी गेली, असं तुला वाटेल. मेसेज टाकला असता तर तू वाचला तरी नसतास, नाही तर लगेच फोन लावला असतास. मला दोन्ही नको होतं.

तुझं-माझं भांडण एका ओळीचं आहे. सुनयनाचं बाळ पोटातच गेलं हे तू मला त्याच दिवशी फोन करून सांगितलंस, असं तुझं म्हणणं. नाही सांगितलंस, असं माझं. मला ते कळलं कारंज्याच्या लग्नात, पंगतीत बसल्यावर, चंद्रभानकाकांकडून. काका म्हणाले, ‘त्यानं तं तुले पहिलेच सांगतलं म्हणे.’ मी म्हटलं, ‘खोटं बोलते तो.’ काकांच्या तोंडात तीळ भिजत नाही, ते तुझ्यापर्यंत पोचायचं तसं पोचलं. आई गेल्यावर ज्याला मी शाळेत घेऊन जायचे, त्याने एवढी मोठी गोष्ट गावभर सांगितली आणि मला तेवढं गाळलं, असं मी धरून बसले. म्हणून पुण्याला आले नाही. बोलावल्याशिवाय कशी जाऊ, असा माझा तोरा.

त्यावर पुढे लिहिते. आधी शाळेचं सांगते. कंटाळा येईल, पण वाच.

यंदा आम्ही तिघांनी मिळून कृतिसंशोधन केलं. म्हणजे वर्गात काही अडलं तर त्याचं कारण शिक्षकानेच शोधायचं, उपाय करून बघायचा आणि गुण आला की नाही ते लिहून द्यायचं. आमच्या केंद्रात आजवर एकही कृतिसंशोधन फसलेलं नाही. फसेल कसं? शेवटचं पान आम्ही आधी लिहून काढतो, मग वर्गात जातो. पण या वर्षी पहिलीला शिकवायला चारुता म्हणून नवी तरुण शिक्षिका आली आहे. ती हटून बसली की यंदा खरं करू. चौथीचे धनंजय सर निवृत्तीला आलेत, ते म्हणाले, जाता जाता एकदा खरंही करून पाहू. दुसरी माझ्याकडे. दुसरीची मुलं भाषेच्या तासाला गप्प का राहतात, हा विषय घेतला.

पद्धत अशी. एकाने शिकवायचं आणि दुसऱ्याने मागे भिंतीला टेकून बसायचं. जे दिसेल, जे ऐकू येईल तेवढंच टिपायचं, चांगलं-वाईट म्हणायचं नाही. शाळा सुटली की चहा घेताना ते वाचून दाखवायचं आणि ज्याचा तास पाहिला त्याने वाचन संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. हा शेवटचा नियम खास माझ्यासाठी काढला, असं धनंजय सर म्हणतात.

पहिल्याच वाचनात चारुताने सांगितलं की खिडकीकडची, म्हणजे माझ्या डाव्या हाताची मुलं उत्तरं देतात, पण मी ती घेत नाही. तोच प्रश्न पुन्हा दुसऱ्याला विचारते. दोन-तीनदा असं झालं की ते मूल गप्प होतं. मग तिने कारणही काढलं. ही मुलं ‘मले, तुले’ करत बोलतात, मॅडमच्या मनात पुस्तकी भाषा बसलेली आहे, त्यामुळे नकळत बोलीतलं उत्तर डावललं जातं.

माझा जो संताप झाला म्हणून सांगू! मी? कापूस वेचणाऱ्या बाईची पोर, जिने दहावीपर्यंत ‘मले’शिवाय दुसरा शब्द तोंडातून काढला नाही, ती बोलीला हसणार? पण नियम होता, गप्प बसले. घरी येऊन भांडी आदळली. मग वाटलं, पोरगी म्हणते तसं असेलही. माणूस शिकला की कशाकशाची लाज बाळगायला लागतो, त्याचं त्यालाही कळत नाही. म्हणून मुकाट्याने उपाय केले. वर्गात वऱ्हाडी गोष्टी सांगितल्या. मुलांना घरच्या भाषेत बोला म्हटलं आणि मुलं अशी सुटली की आवरता येईनात. कापसाची बोंडं तोडण्यापासून बकरी व्यायल्यापर्यंत सगळं वर्गात आलं. डाव्या बाजूची मुलं मात्र तशीच राहिली.

धनंजय सर म्हणाले, जागा बदला. बदलल्या. आता डावीकडे वेगळी मुलं आली आणि तीही गप्प झाली. सर म्हणाले, खिडकीतून रस्ता दिसतो, लक्ष उडतं. खिडकी बंद केली, तरी तेच. मग चारुता म्हणाली, गोलात बसवा. गोलात बसवलं तर मुलं माझ्या उजव्या हाताला जागा मिळावी म्हणून एकमेकांना ढकलायला लागली. याचंही आम्ही काय लिहिलं ऐक. ‘विद्यार्थ्यांना शिक्षिकेविषयी जवळीक वाटू लागली.’ तीन शिकलेली माणसं, तिघांची मिळून पन्नास-साठ वर्षांची नोकरी, आणि ही आमची अक्कल.

जानेवारीत वर्गात एक नवी मुलगी आली, भागीरथा. आईबाप वीटभट्टीवर आले आहेत. तिला काही माहीत नव्हतं, ती बसली डावीकडे आणि उत्तर देत राहिली. मी तोच प्रश्न घेऊन पुढच्या मुलाकडे गेले. त्या दिवशी भिंतीला चारुता होती. संध्याकाळी ती वाचत होती आणि मध्येच थांबली. म्हणाली, पुढचं राहू द्या का मॅडम? धनंजय सर म्हणाले, नियम म्हणजे नियम. तिने वाचलं. बाजूच्या पोराने भागीरथाला ओढून म्हटलं होतं,

‘तिकून नोको बोलू. मॅडमले तिकून ऐकू येत नाई. इकडं येऊन सांग.’

ते पोर हे माझ्यापासून हातभर अंतरावर बोललं होतं, विवेक. मला ते कळलंही नव्हतं. मुलांना ते सगळं नेहमीचं होतं. नवीन पोराला पाण्याची टाकी कुठे आहे ते दाखवतात, तसं त्यांनी तिला मॅडमचा चालू कान दाखवला. वाचन संपलं, आता मला बोलायची मुभा होती. चारुता रडायला लागली, कारण तिने मला काय काय ठरवलं होतं. तिला मीच चहा दिला.

वर्ध्याला कानाच्या डॉक्टरकडे गेले. डाव्या कानाचं बरंचसं गेलंय, उजवाही थकला आहे. हळूहळू जातं म्हणे, ज्याचं जातं त्यालाच शेवटी कळतं. घरी कळायला मार्ग नव्हता. तुझे भाऊजी वीस वर्षं एसटी चालवतात, ते भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा इंजिनवर आवाज चढवून सांगतात. डॉक्टरांनी विचारलं, फोन कोणत्या कानाला लावता? मी म्हटलं, डाव्या. उजव्या हातात खडू असतो ना.

परत येताना बसमध्ये, सेलू यायच्या आत, मला तो नोव्हेंबरातला फोन आठवला.

तू केला होतास. मधल्या सुट्टीत केला होतास. मी व्हरांड्यात होते, मुलं खिचडी खात होती, ताटल्यांचा गोंगाट होता. तुझा आवाज येत होता, शब्द येत नव्हते. नेटवर्क खराब असेल म्हणून मी ‘अं? अं?’ करत बसले नाही. दिवाळीत तू सांगितलं होतंस की नवीन फ्लॅटचा ताबा आता मिळेल. मला वाटलं, तेच सांगतोयस. मी म्हटलं, ‘बरं झालं रे बाबू. छान झालं. आता पेढे कधी देतोस?’

मग फोन बंद झाला. मी ताटल्या मोजायला गेले.

बसमधली बाई विचारत होती, पोट दुखते का म्हणून. मी रडत होते हे मला तिच्यामुळे समजलं.

कानाचं मशीन घेतलं आहे. पहिल्या दिवशी वर्गात लावून गेले तर पंख्याची घरघर आणि डाव्या बाजूची मुलं, सगळं एकदम अंगावर आलं. भागीरथा आता डावीकडेच बसते आणि तिच्या तोंडाला झाकण नाही. शिक्षण परिषदेत आम्ही तिघांनी अहवाल वाचला. चारुताने आदल्या दिवशी विचारलं होतं, कानाचं गाळू का? मी म्हटलं, मग उरतं काय? वाचताना मागे कोणी हसलं. चहाच्या वेळी दोघे जुने गुरुजी वेगवेगळे येऊन डॉक्टरांचा पत्ता घेऊन गेले.

हे सगळं मी असं लिहिलं आहे जसं आम्ही भिंतीला टेकून लिहितो. मला दुसऱ्या तऱ्हेने लिहिता आलं नसतं. पण एवढं सरळ सांगते की मला माझी लाज वाटत नाही, कान कोणाचाही जातो. मला तुमचं वाईट वाटतं. तुझ्या घरातलं बाळ गेलं आणि बहिणीने पेढे मागितले. त्यानंतर ती आली नाही, वर तुला खोटं ठरवलं. हे घेऊन तुम्ही दोघं इतके दिवस राहिलात. सुनयनाला तू ते सांगितलंस की नुसतंच गिळलंस, हेही मला माहीत नाही. मी तुझ्या जागी असते तर काकांच्या हाती निरोप पाठवून शिव्या घातल्या असत्या. तू काहीच केलं नाहीस.

फोन करू नकोस. मशीन लावून बोलता येतं, पण हे फोनवर नको. येत्या शुक्रवारी शाळा सुटली की मी वर्ध्याहून गाडीत बसते. घ्यायला येऊ नकोस, घर विचारत येईन. दार उघडायचं की नाही ते सुनयनाला ठरवू दे, तू मध्ये पडू नकोस.

उघडलं, तर माझं एक काम कर. त्या दिवशी फोनवर जे सांगितलंस ते समोर बसून पुन्हा सांग. जड जाईल, मला ठाऊक आहे. पण ते मी अजून तुझ्या तोंडून ऐकलेलं नाही, आणि ऐकल्याशिवाय मला तुमच्यासोबत रडता येत नाही.

सुनयनाच्या डोक्यावरून माझा हात फिरव. नको म्हणाली तर राहू दे.

तू जिला सांगितलं होतंस, ती
तुझी ताई
सरिता