अडलेल्या गाईपाशी मोबाईल न बघण्याच्या परवानगीबाबत

प्रति,
मा. पशुधन विकास अधिकारी,
पशुवैद्यकीय दवाखाना, वाघदरा, जि. बीड.

अर्जदार : सौ. तुळजाबाई राधाकिशन सानप, रा. गायरान वस्ती, मौजे वाघदरा.

विषय : गाय अडलेली असताना डॉक्टरांना मोबाईलकडे न बघण्याची परवानगी देण्याबाबत.

संदर्भ : आपण व्हॉट्सॲप ग्रुपवर दिलेला अंगठा.

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार वरील पत्त्यावर राहते व गाई राखते. तिला लिहिता येत नाही, म्हणून ती सांगते आणि तिची सून सुकन्या लिहिते. सुनेने भाषा सरकारी ठेवली आहे. अर्जदाराचे दोन शब्द तिने लाज वाटून गाळले आहेत. ते आपण स्वतःला उद्देशून समजून घ्यावेत.

१. अर्जदाराची चंद्री नावाची गाय आपल्या हलगर्जीपणामुळे मेली, असे अर्जदार म्हणत नाही. आपण त्या वेळी फारच तत्पर होता. ती आपल्या तत्परतेने मेली.

२. पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी चंद्री अडली. वासरू पोटात आडवे आले होते. अर्जदाराचे पती मोटारसायकलवर जाऊन आपल्या दवाखान्यातील पशुधन पर्यवेक्षक शहादेव यांना घेऊन आले. वस्तीवर त्यांनाच डॉक्टर म्हणतात. डॉक्टरांनी शर्ट खुंटीला अडकवला, हाताला तेल लावून हात आत घातला आणि म्हणाले, "पाय घावला, मावशी. आता वळवतो." अर्जदाराच्या जिवात जीव आला.

इतक्यात खुंटीवरच्या शर्टात मोबाईल वाजला. आपला हुकूम असा आहे की, कर्मचारी कामाच्या वेळेत ग्रुपवर कधीही सापडला पाहिजे, आणि आपण "हजर कोण?" असे विचारताच त्याने जनावरासह स्वतःचा फोटो टाकला पाहिजे, न टाकल्यास गैरहजेरी. वस्तीवर मोबाईल वाजतो, पण फोटो जात नाही. त्यासाठी तलावाच्या बांधावर चढावे लागते. डॉक्टरांनी हात बाहेर काढला.

अर्जदार ओरडली, "आवो, हात कावून काढला? वासरू जाईल ना!" ते म्हणाले, "मावशी, साहेब लई कडक हायेत. फोटो गेला न्हाई तर गैरहजेरी पडती. हा गेलो आन् हा आलो." मग चंद्रीशेजारी उकिडवे बसून त्यांनी फोटो काढला व बांधाकडे पळाले. माणूस वाईट नाही, बुळा आहे. इतक्या भित्र्या माणसाला गाईच्या पोटात हात घालायला ठेवू नये, असे अर्जदाराचे मत आहे. परंतु त्याला भित्रा कोणी केला, हेही तिला कळते.

३. ते परत आले तेव्हा चंद्रीने कळा देणे सोडले होते. वासरू मेलेले निघाले आणि दिवस मावळायच्या आत चंद्रीही गेली. नेकनूरच्या बाजारातून आणली तेव्हा ती अर्जदाराच्या कमरेएवढी होती. अर्जदार तिच्यासाठी पोटच्या पोरीसारखी रडली, हे अर्जात लिहायला तिला काही वाटत नाही. दुसऱ्या दिवशी पोळा असून घरात पुरण शिजले नाही.

डॉक्टरांनी पाठवलेला फोटो नंतर सुनेने त्यांच्या मोबाईलवर पाहिला. त्यात चंद्री पाय ताणून, डोळे फिरवून पडली आहे. खाली आपण अंगठा दिला आहे व लिहिले आहे, "अभिनंदन, उत्तम काम." उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला निदान शेळ्या तरी दिसतात. आपल्याला गाय मरताना दिसली नाही.

४. याबाबत अर्जदार स्वतः दवाखान्यात आली होती. आपण मोबाईलमधून मान वर न करता म्हणालात, "काही अडचण असेल तर ग्रुपवर टाकायला सांगा. मी तिथे कायम उपलब्ध असतो." अर्जदार आपल्या टेबलाला टेकून उभी होती. आपण साऱ्या जगाला सापडता, फक्त समोर उभ्या असलेल्या माणसाला सापडत नाही. अशा साहेबाला पगार देऊन ठेवण्यापेक्षा खुर्चीवर नुसता मोबाईल ठेवला तरी चालेल.

५. आता चंद्रीची कालवड पवळी पहिल्यांदाच गाभण आहे. कास भरली आहे, आज-उद्या वेईल. ती अंगाने बारीक असल्याने अडण्याची भीती आहे, आणि वस्तीवर दुसरा डॉक्टर येत नाही. अडला हरी गाढवाचे पाय धरी, म्हणून हा अर्ज. यात हरी अर्जदार आहे.

तरी विनंती की, डॉक्टरांचा हात गाईच्या पोटात असेल तोवर आपण त्यांना शोधू नये व तसे त्यांना लेखी द्यावे. लेखी न मिळाल्यास अर्जदार त्यांचा मोबाईल आल्या आल्या काढून घेऊन पिठाच्या डब्यात ठेवणार आहे. ती गैरहजेरी अर्जदाराच्या नावावर मांडावी.

पवळी सुखरूप सुटली, तर पहिल्या चिकाचा खरवस आमच्या रीतीप्रमाणे गाय सोडवणाऱ्याच्या घरी जातो. तो डॉक्टर शहादेव यांच्या घरी जाईल. आपणांस खरवसाचा फोटो ग्रुपवर पाठवण्यात येईल. तो पोटभर बघावा व खाली अंगठा द्यावा.

आपल्या ग्रुपवर नसलेली,
तुळजाबाई राधाकिशन सानप
(निशाणी डाव्या हाताचा अंगठा. हा शाईचा आहे.)

दिनांक : नवरात्राची दुसरी माळ

सोबत : चंद्रीच्या फोटोची प्रत. आता तरी नीट बघावी.