जावयाची झोप

कोसाड, सुरत
८ ऑगस्ट २०२५

ती. आबांना जयश्रीचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो. तुम्ही फोन उचलत नाही. आईला विचारलं तर ती म्हणते, आबा अंगणात आहेत. चार दिवस अंगणातच आहात म्हणे! म्हणून पत्र लिहितेय. पत्र आलं की निवृत्त मास्तर ते वाचल्याशिवाय राहायचा नाही, एवढं मला ठाऊक आहे.

कानबाईच्या जागरणाला हे देवीच्या पुढ्यातच आडवे झाले आणि घोरले, हे खरं. सारे भाऊबंद गाणी म्हणत होते, रामदासकाकांनी तोंडावर पाणी मारलं तरी हे हलले नाहीत. पण जवाई पीसन उना, असं तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात ते मला फार लागलं. आबा, हे पिऊन आले नव्हते, हे दारूला शिवतही नाहीत हो. सुरतेत यांना झोप म्हणून नाही. अंधार पडला की मागच्या गल्लीत कापडाच्या चिंध्या जाळतात, पलीकडे मिलांची धुराडी आहेतच. खिडकी उघडली तर धूर, लावली तर खोलीची भट्टी. रात्रभर यांचा घसा धरतो, दचकून उठतात, पुन्हा पडतात, आणि सकाळी तसेच कतारगामला यंत्रमागावर कामाला जातात. तुमच्याकडे मोकळा वारा लागला आणि माणूस मेल्यासारखा झोपला. एवढाच यांचा गुन्हा.

आईला नमस्कार सांगा. राग धरा हवं तर, पण माया पातळ होऊ देऊ नका.

आपली लेक,
जयश्री

शहादा
२१ ऑगस्ट २०२५

चि. सौ. जयश्री हिस आबांचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. नवऱ्याची वकिली झकास केली आहेस. पण बाई, मी सारा जन्म पोरांच्या सबबी ऐकण्यात घालवला. कुणाचं पोट दुखायचं, कुणाची म्हैस व्यायची. धुरामुळे झोप लागली, ही सबब मात्र आजवर कुणी आणली नव्हती. अगं, धुरानं माणूस खोकतो. आपल्या खान्देशची निम्मी माणसं सुरतेत आहेत, तीही तीच हवा खातात. त्यांतलं कुणी देवीपुढे घोरलं नाही. आणि दारूबंदीच्या राज्यात काय मिळतं, काय नाही, ते मला शिकवू नकोस.

दिवाळीला तू अवश्य ये. चेतनरावांना माझ्या उंबऱ्यात पाय ठेवायचा असेल तर आधी देवीपुढे नारळ ठेवून शपथ घ्यावी लागेल, मग पुढचं बोलू.

तू फार वाळली आहेस. तुझी आई रोज तेच बोलते आणि मी ऐकलं न ऐकलं करतो. तब्येतीला जप. तुझ्यावर राग नाही, तो ज्याच्यावर आहे त्याला ठाऊक आहे.

आशीर्वाद,
आबा

कोसाड, सुरत
१२ डिसेंबर २०२५

ती. आबांना शि. सा. नमस्कार, वि. वि.

दिवाळीला मी आले नाही म्हणून तुम्ही रुसला असाल. आबा, यांना रात्री एकटं सोडून येणं शक्यच नव्हतं. थंडी पडल्यापासून धूर वर जातच नाही, खाली बसून राहतो. झोपेत यांचा श्वास थांबतो. अगदी थांबतो. मी हलवून जागं केलं की पुन्हा सुरू होतो. डॉक्टर म्हणाले, यांची श्वासाची वाट मुळात अरुंद आहे, त्यात धुरानं आतून सूज येते. झोप रात्रभर तुटत राहते आणि माणसाला त्याचा पत्ताही नसतो. मग दिवसा डुलक्या. सरकारी दवाखान्यात मोठ्या तपासणीला नाव लावलंय, नंबर कधी येईल देव जाणे.

गेल्या आठवड्यात हे मागावर उभ्या उभ्या झोपले. बाही पट्ट्यात गेली. शेजारच्या मागावरच्या भूपेंद्रनं धावत जाऊन वीज तोडली म्हणून हात राहिला. ऐकून मी पोटभर रडले.

शपथ घ्यायला हे तयार नाहीत. जे केलं नाही त्याची शपथ कशाला, म्हणतात. मी लिहितेय हे यांना माहीत नाही. आबा, मी पदर पसरते. आम्हाला महिनाभर येऊ द्या. जावयाचा मान नको, गोडधोड नको, बोलूही नका यांच्याशी. अंगणात एक खाट टाका आणि यांना झोपू द्या. नाहीतर माझा नवरा हातचा जाईल हो.

उत्तर लगेच धाडा. तुमच्याशिवाय मी कुणापुढे हात जोडू?

आपली,
जयश्री

कोसाड, सुरत
४ जानेवारी २०२६

सौ. सरलाबाईस अनेक आशीर्वाद.

दोन दिवसांत परततो म्हणून निघालो आणि आठवडा झाला. तुला म्हटलं लेकीला भेटून येतो, पण खरं तर मी चोर पकडायला आलो होतो. पहिल्या रात्री जावईबापूंना डोळा लागल्यावर मी त्यांच्या तोंडाचा वास घेतला. शाळेत बिडी ओढणाऱ्या पोरांचा घ्यायचो, तसाच. दारूचा मागमूस नव्हता. वास होता तो जळक्या कापडाचा, आणि तो माझ्या सदऱ्यालाही होता, उशीलाही होता.

मग मी आडवा झालो, पण झोप कसली येतेय! डोळे चुरचुरत होते, छाती दडपली होती. तेवढ्यात शेजारचं घोरणं थांबलं. मला वाटलं, सुटलो. पण सरला, श्वासच थांबला होता. मी घाबरून उठून बसलो. जयश्री आधीच उठून बसली होती. तिनं त्यांना गदागदा हलवलं, तेव्हा बुडणारा माणूस वर यावा तसा त्यांनी श्वास ओढला. मग त्यांची उशी सारखी करून ती पुन्हा त्यांच्याकडे बघत बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी मी जावयापुढे हात जोडले. म्हटलं, माझं चुकलं, शपथबिपथ काही नको, आजच्या आज गावी चला. त्यांनी माझे हात धरले. म्हणाले, आबा, लग्नसराईचा माल चालू आहे, होळीआधी शेठ सोडणार नाही, आत्ता गेलो तर माग दुसऱ्याच्या हातात जाईल. मी ओरडलो, माग गेला चुलीत. तर शांतपणे विचारतात, मग महिन्यानंतर आम्ही खायचं काय?

तेव्हा होळीपर्यंत मी इथेच राहतो. होळीला तिघंही येऊ. रात्री मी जावईबापूंच्या उशाशी बसतो आणि जयश्रीला निजवतो. आधी ती ऐकेना. बापावर एवढाही भरवसा नाही का, असं रागावून म्हटलं, तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडली. सकाळी नळ आला, भांडी वाजली, शेजारीण हाका मारून गेली, तरी पोर उठली नाही. किती दिवसांची झोप साठली होती तिची!

शेतातल्या गव्हाला पाणी द्यायचं रामदासकडे सोपव. माझ्या गोळ्या भूपेंद्रच्या भावाबरोबर धाड, तो पुढल्या आठवड्यातल्या मंगळवारी शहाद्याहून निघतोय. काळजी करू नकोस असं लिहिणार होतो, पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू? मलाही खोकला धरलाय. दिवसा इथे झोप लागत नाही, आणि रात्री बसल्या बसल्या माझे डोळे मिटतात. काल एकदा मिटले. जागा झालो तेव्हा जावईबापूंचे ओठ काळेनिळे पडले होते. हलवलं, पुन्हा हलवलं, तेव्हा कुठे श्वास आला. जयश्रीला मी हे सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. होळी अजून फार लांब आहे.

आमची आठवण ठेव, देवीपाशी आमच्यासाठी शब्द टाक.

तुझा,
प्रभाकर