बाबांचा खोकला

लाखनी, ९ जानेवारी १९८१

रद्दीतून शिकारीचं जुनं पुस्तक आणलं, इकडच्याच एका मालगुजारानं लिहिलेलं. संध्याकाळी बाबांना वाचून दाखवलं. दिघोरीकडे रान उठवलं, वाघ थेट मचाणासमोर आला, आणि शेजारच्या झाडावर बसवलेला एक मूर्ख माणूस खोकला. वाघ पसार!

बाबा ताडकन उठून बसले. "अरे, तो मीच! सर्दी झाली होती मले."

मला रागच आला. माझ्या बापाला छापून मूर्ख म्हणायचं? काहून? पण बाबांचं भलतंच. "पुस्तकात आलो ना मी! वाच अजून."

पुन्हा वाचलं. बाबांचं पुन्हा तेच, "वाच अजून." तिसऱ्यांदा वाचताना वाघ मचाणासमोर आला तेव्हा मी मुद्दाम थांबलो.

बाबा खोकले. वाघ निघून गेला.