अठराव्या घराचं कटआउट

११ मे, रविवार

आलो एकदाचे. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या त्या गल्लीत मी बत्तीस वर्षं काढली, जिथे अँब्युलन्स वळत नाही आणि माणसं हटत नाहीत. मार्चमध्ये दिवाकरला खुर्चीत बसवून कोपऱ्यापर्यंत उचलून न्यावं लागलं, तेव्हाच ठरवलं की बस्स. ही कॉलनी तेलीबांध्याच्या बरीच पुढे, नवा रायपूरच्या रस्त्याला फाटा फुटतो तिथे. चारी बाजूंना धानाची उघडी शेतं, मध्ये अठरा घरं, बहुतेक रिटायर्ड माणसांची. रस्ता एवढा रुंद की दोन अँब्युलन्स शेजारीशेजारी उभ्या राहतील. मी खूश आहे. हे वाक्य वर्षभरात लिहिलं नव्हतं.

दिवाकरचं ऑक्सिजनचं मशीन खिडकीशी लावलं. तीस वर्षं सिमेंटच्या कारखान्यात घालवलेल्या फुप्फुसांना ते दिवसरात्र लागतं. लाइट गेली तर इन्व्हर्टर दोन तास, मग सिलिंडर चार तास. शेजारच्या शारदा देशकर गरम फऱ्याचा, म्हणजे इकडच्या तांदळाच्या उकडलेल्या वळ्यांचा, डबा घेऊन आल्या. मी नवऱ्याला दिवाकर म्हणते हे ऐकून त्यांचा चेहरा असा झाला, जणू मी त्याला शिट्टी मारून बोलावलं. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी आम्हाला माणसाला नावाने हाक मारायला शिकवलंय, असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, हव का. फरे मात्र उत्तम होते.

१४ मे, बुधवार

चार वाजता पश्चिमेकडून अंधड आलं. मातीची भिंतच चालत आल्यासारखी. लाइट गेली.

आणि मग तमाशा. सगळ्या घरांतून म्हातारेकोतारे डोक्याला पंचे गुंडाळून त्या धुळीत बाहेर आले. प्रत्येकाने गेटच्या खांबातली मीटरची पेटी उघडली, आतला पांढरा चिनी मातीचा फ्यूज उपसला आणि सुतळीने गेटला टांगला. इथे त्याला कटआउट म्हणतात. मी व्हरांड्यातून मोजले, सतरा. लिंबू-मिरचीच्या वरची इयत्ता दिसते. शारदाबाई कुंपणावरून ओरडल्या की ताई, तुमचं काहून नाही टांगलं, तो येऊन पाहून जाते. कोण तो, विचारलं. त्यांनी पदर तोंडावर घेतला. धुळीसाठी की उत्तर टाळायला, कळलं नाही.

साडेपाचला लाइट आली. सगळे पुन्हा बाहेर, सगळ्यांचे फ्यूज पुन्हा आत. यांच्यातले दोघे इंजिनिअर म्हणून रिटायर झालेत.

१५ मे, गुरुवार

कॉलनीच्या कमिटीचे अध्यक्ष धर्मपाल मेश्राम समज द्यायला आले. चहा दिला, ऐकून घेतलं.

दोन वर्षांपूर्वी असंच अंधड होतं. नत्थू नावाचा लाइनमन, आपल्या भंडाऱ्याकडचा, सबस्टेशनवरून लाइन बंद करवून आला. खांबावर चढण्याआधी त्याने दारोदार जाऊन विचारलं, जनरेटर बंद आहे का. अठरा घरांनी सांगितलं, बंद. एका घराचा चालू होता. तो करंट तारेत उलटा गेला आणि नत्थू वर तारेला चिकटला. त्याला उतरवायचं तर ते घर बंद व्हायला हवं होतं. कोणी कबूल होईना. पोलीस येईपर्यंत दोन तास तो वरच होता.

तेव्हापासून लाइट गेली की तो विचारत फिरतो म्हणे. कटआउट बाहेर दिसलं की पुढच्या घरी जातो.

मी मेश्रामांना विचारलं की एक माणूस खोटं बोलून मारला, आणि प्रायश्चित्त काय, तर सुतळी? ते बशीत चहा ओतत म्हणाले की मॅडम, सुतळीनं काम होऊन राहिलं, तर राहू द्या ना.

१८ मे, रविवार

सिलिंडरच्या भरवशावर नवरा ठेवता येत नाही. छोटा जनरेटर आणला. त्याची वायर मागच्या खोलीतल्या प्लगात खुपसली की घर चालतं. घर लाइनपासून तोडणारा चेंजओव्हर स्विच यायला पंधरा दिवस आहेत. तोवर कटआउट काढल्याशिवाय सुरू करू नका, करंट लाइनवर जाईल, असं इलेक्ट्रिशियनने तीनदा बजावलं. मी फिजिक्समध्ये पहिली यायचे, असं त्याला एकदाच सांगितलं.

२२ मे, गुरुवार

दुपारी गारा. लाइट गेली, आणि इन्व्हर्टरने दहा मिनिटांत मान टाकली. सिलिंडर भरायला रायपूरला गेलेला. दिवाकरचे ओठ जांभळे व्हायला लागले. जनरेटर लावला.

कटआउट काढलं नाही. हे इथे स्वच्छ लिहून ठेवते. काढायला गेटपर्यंत जावं लागलं असतं. सतरा खिडक्यांमधून सतरा घरं बघत होती आणि मनात म्हणाली असती, आली बाई वळणावर. तेवढ्यासाठी मी गेले नाही. दीड तास जनरेटर चालला. करंट लाइनवर गेलाच नाही, असं म्हणायला फिजिक्स विसरावं लागेल.

गारा थांबल्यावर गेटागेटावरून चिनी माती वाजल्याचा आवाज आला. एकेक, क्रमाने. आमच्या गेटाशी थांबला.

२५ मे, रविवार

दिवाकरने आज सांगितलं. गुरुवारी जनरेटर चालू असताना खिडकीशी एक माणूस आला होता, त्याने विचारलं, बंद है का. दिवाकरने सांगितलं, बंद. का खोटं बोललास, म्हटलं. म्हणाला, माझं मशीन आहे ना.

मेश्रामांकडे गेले. त्या दिवशी वीजवाल्यांचं कोणी इकडे आलंच नव्हतं; बिघाड सबस्टेशनवर होता, तिथेच दुरुस्त झाला. मग कोणीतरी वात्रट असेल, असं मी म्हटलं. त्यांनी वाद घातला नाही. ते मला आवडलं नाही.

आमच्या गेटच्या रंगावर चार बोटं उमटली आहेत. काळी. घासून जात नाहीत. रंग आतून करपलाय.

२७ मे, मंगळवार

बारा वाजता लाइट गेली. मी गेले, कटआउट काढलं, टांगलं. सगळ्यांनी पाहिलं. पाहू देत.

आवाज आला. सतरा गेटांवर वाजलं. आमचं वाजलं नाही. बाहेर जाऊन पाहिलं तर गेटला नुसती सुतळी. कटआउट मीटरच्या पेटीत, जागच्या जागी घट्ट बसवलेलं.

शारदाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ताई, चालू असताना बंद सांगितलं ना तुम्ही, आता तो टांगलेलं मानत नाही, आत येऊन स्वतः पाहीन म्हणते. हे मला आधी सांगायला काय झालं होतं, विचारलं. त्या म्हणाल्या, तुमाले कोण सांगन?

खरं आहे. मला कोण सांगणार.

२९ मे, गुरुवार, सकाळी

पहाटेपासून वादळ. फाट्यापर्यंतचे खांब आडवे. रस्त्यावर झाडं पडली आहेत. एवढ्या रुंद रस्त्यावर. फोनला रेंज नाही. आमच्या खांबावरची तार तुटून शेतात पडली आहे, खिडकीतून दिसते.

कटआउट काढून जनरेटर लावलाय. डिझेल संपत आलं. मग सिलिंडर. मेश्राम सायकल उचलून झाडांवरून मदत आणायला गेलेत. मी त्यांना काय काय म्हणाले होते, आठवतं.

दुपारी दोन

जनरेटर बंद. सिलिंडरचा काटा तळाला. शारदाबाई दार उघडत नाहीत. आतून म्हणाल्या, माफ करा ताई.

तीन

सिलिंडर संपला. दिवाकर —

मशीन सुरू झालं. आपोआप.

पंखा बंद. दिवे बंद. फक्त मशीन. तार शेतात पडली आहे, आणि मीटरचा लाल दिवा लुकलुकतोय.

ओठ पुन्हा गुलाबी झाले. मी देवाचे आभार मानले. कोणाचे मानले, माहीत नाही.

चार

व्हरांड्यात आहे. केस जळल्याचा वास. पाऊल नाही वाजत, घासल्यासारखं —

कटआउट पेटीत परत होतं. उपसलं. हात भाजला. मुठीत धरून आत आले, टांगायला नाही.

मशीन चालूच आहे. कटआउट माझ्या हातात आणि मशीन चालू.

साडेचार

व्हरांडा रिकामा. वास आत आलाय, पलंगापाशी.

दिवाकरने डोळे उघडले. बेचाळीस वर्षांत त्याने मला कधी मॅडम म्हटलं नाही. आत्ता म्हणाला. मॅडम, बंद है का. मले उतरायचं हाय.



पुन्हा विचारलं.

बंद म्हणावं तर खोटं. एकदा झालं तेवढं — चालू म्हणावं तर तो वरच, लटकलेला, दिवाकरमध्ये. खरं बंद म्हणायचं तर मशीन —

म्हटलं, दिवाकर, तू असशील तर बोट उचल.

उचललं. टोक काळं आहे.

मेश्राम आले असते तर —

तिसऱ्यांदा विचारतोय. आवाज रागाचा नाही. थकलेला. दोन वर्षं कोणी खरं सांगितलं नाही त्याला.

डावा हात मशीनच्या बटणावर ठेवलाय. दिवाकर बघतोय. कोणाच्या डोळ्यांनी, ते —

थांब नत्थू. सांगते. आता खरंच बं