रेपेची दाढ आणि दादाची छाती

हौकिवारा, ३ फेब्रुवारी

चि. इर्यास, अनेक उत्तम आशीर्वाद.

आठवडा सगळा रेपेच्या काळजीत गेला. जेवण अर्धं टाकायचा, सरपणापाशी येऊन नुसता बसून राहायचा. कुत्रा बोलत नाही, आपणच ओळखायचं. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर सगळं ऐकून लगेच बोलावलं. दाढ किडली होती, काढली. आता पुन्हा टपालवाल्यावर भुंकतो.

आपलं आरोग्य केंद्र बंद झालं. आता कॉम्प्युटरवर प्रश्नांची उत्तरं भरायची, मग तोच ठरवतो आपण आजारी आहोत का. लाकडं फोडताना छाती जराशी आवळते, म्हणून भरून पाहिलं. दुखणं दहापैकी किती, तर एक लिहिलं. तपासणीची गरज नाही म्हणाला. शहाणा दिसतो.

लोभ आपल्या सौना-न्हाणीच्या शेगडीसारखा गरम ठेव.
तौनोदादा

ओउलु, ८ फेब्रुवारी

ती. दादास, शि. सा. नमस्कार.

कुत्र्याच्या दाढेला अख्खा परिच्छेद आणि स्वतःच्या छातीला एक ओळ? करवतीने बोट गेलं तेव्हाही तू म्हणालास, खरचटलंय. आपल्या घराण्यात एक म्हणजे आठ, हे त्या यंत्राला कोण सांगणार? खोटं लिहिणं तुला जमायचं नाही, म्हणून युक्ती सांगते. छाती रेपेची आवळते असं समज आणि पुन्हा भर, आजच. बाबाही शेवटपर्यंत 'जरासं' म्हणत राहिले. मला भीती वाटते, दादा.

मी मजेत. स्तनांच्या तपासणीचं बोलावणं आलंय, फ्रिजवर लावलंय. सवड झाली की बघू.

राग आला तरी लोभ कमी करू नये.
इर्या

हौकिवारा, १९ फेब्रुवारी

चि. इर्यास, अ. उ. आशीर्वाद.

तू सांगितलंस तसं लिहिलं: 'बहात्तर वर्षांचा नर. टपालपेटीपर्यंत जाताना दोनदा थांबतो. जेवण टाकतो. पूर्वी असा नव्हता. लवकर बघा.' दहा मिनिटांत नर्सबाईंचा फोन. आधी विचारलं, हे कुणाबद्दल? मी म्हटलं, माझ्याचबद्दल. त्या हसल्या नाहीत, ॲम्ब्युलन्स पाठवली. हृदयाची एक रक्तवाहिनी तुंबत आली होती, ती मोकळी केली. डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडाभर फोडली असतीत, तर ती लाकडं दुसऱ्यांनी जाळली असती. तुला कळवलं नाही, कारण बर्फातून गाडी हाकत आली असतीस.

तुझं पत्र इस्पितळात पाचदा वाचलं. माझ्यासाठी एवढं लिहिलंस आणि त्या बोलावण्याला दीड ओळ. घराणं तेच. गुरुवारच्या बसने रेपेला घेऊन येतोय. तू तपासून येईपर्यंत आम्ही दोघं हलणार नाही.

लोभ आहेच. सोफ्यावर जुनी चादर घाल, त्याचे केस फार गळतात.
तौनोदादा