सैल वेणी

१८ जून

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर तू बरी आहेस म्हणालीस. त्याच्या आदल्या वेळीही बरीच होतीस. बाबा शेजारी उभे असले की तू कायम बरीच असतेस. म्हणून मी ठरवलंय, तुझी खरी हकीगत पत्रानेच मागवायची. पत्राला कान लावून कुणी उभं राहत नाही. सातवीपर्यंतच शिकलीस, पण तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. तेव्हा सबबी चालणार नाहीत.

शाळेने मला आठवीचं विज्ञान दिलंय. पहिल्याच तासाला मी मुलींना सांगितलं की निरीक्षण म्हणजे आपल्याला आवडेल ते नव्हे, दिसेल ते लिहिणं. सगळ्यांनी ते लगेच वहीत उतरवून घेतलं. आपल्या घरात कॉलेज बघणारी मी पहिली, आणि माझं वाक्य चाळीस वह्यांत! क्षणभर फळ्याकडे तोंड करून उभी राहिले.

आता तुझं. ऑपरेशन झालं, केमो झाली, किरणांचे शेकही झाले. केमोत पाळी एका फटक्यात थांबली ती थांबलीच. आता राहिली पाच वर्षांची रोजची एक गोळी. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या ते विसरू नकोस: गाठ परत येऊ नये म्हणून ही गोळी दारात बसवलेली राखणदार आहे. तिच्यापायी अंगातून वाफा येतील, सांधे धरतील, जीव चिडचिडा होईल, पण तिला दारातून हलवायचं नाही. मी पुस्तकांतून टिपणं काढून सोबत पाठवतेय. सुती कपडे, रोज चालणं, चहा कमी.

इथे वेणी माझी मीच घालते. तुझ्यासारखी बसत नाही. तू घातलीस की डोळे वर ओढले जायचे आणि दिवसभर मी आश्चर्य वाटल्यासारखी दिसायचे. ते आश्चर्य फार आठवतं.

माया आहेच, ती पत्रांतूनही येऊ दे.
तुझी, ठकू


३ जुलै

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

टिपणं मिळाली. आई मी की तू, हे एकदा ठरवून टाकू या.

अक्षर बघून घाबरू नकोस. कुत्र्याचे पाय मांजराला लावल्यासारखं आलंय खरं. सकाळी बोटं धरलेली असतात. खळ लावून वाळलेला पुठ्ठा वाकवावा तसं एकेक बोट वाकवावं लागतं. कोमट पाण्यात बुडवून बसले की हळूहळू सुटतात.

वाफांना मी आत्याबाई नाव ठेवलंय. तुझी आत्या कशी, न कळवता यायची, घराला घाम फोडायची आणि कुणी काही म्हणायच्या आत निघून जायची. बहिणीवरून बोललेलं तुझ्या बाबांना खपत नाही. पण परवा जेवताना मी एकदम लालबुंद झाले, तर त्यांनीच विचारलं की ताई आली वाटतं.

बाइंडिंगच्या कारखान्यात पंखा लावता येत नाही, कागद उडतात. आत्याबाई आल्या की मी कपाळाचा घाम कागदावर पडू नये म्हणून मान मागे टाकून घड्या घालते. फोरमनना वाटलं, मी छताचं जाळं बघतेय; त्यांनी माणूस लावून झाडून घेतलं. मग तुझ्या बाबांनी दुरुस्तीच्या दुकानातल्या मिक्सरच्या एका मोडक्या मोटारीचा टीचभर पंखा केला आणि माझ्या टेबलाखाली पायाशी बसवला. वरच्या कागदाला पत्ता नाही. आता शेजारच्या बायका काही ना काही विचारायच्या निमित्ताने येऊन माझ्या टेबलाखाली पाय सारतात. या सगळ्यांच्या घरी कुठली आत्या येते, देव जाणे.

राग मात्र आवरत नाही. डब्याचं झाकण लागेना म्हणून मी डबा भिंतीवर मारला. तुझ्या बाबांनी पोचा आलेला डबा उचलून दुकानात नेला. मग मला रडू आलं. कशाचं ते त्यांना कळेना आणि मलाही.

काम नेहमीचंच. सोळा पानांचा एक फर्मा माझ्याकडे, पुढचा शेजारणीकडे. घडी घालताना तेवढं वाचून होतं. कुठल्याच गोष्टीचा शेवट आपल्या वाट्याला येत नाही.

जपून राहा. घरच्यांवरचा जीव तसाच ठेव.
तुझी, आई


१२ जुलै

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा रडले, तिसऱ्यांदा भूगोलाच्या बाईंना वाचून दाखवलं. त्या पन्नाशीच्या आहेत. त्या पंख्याची मोटार कशी बसवली ते बाबांना विचारून कळव, एवढंच म्हणाल्या.

आई, मी शहाण्यासारखी टिपणं पाठवते, पण मनातलं वेगळंच आहे. मला माझी जुनी आई हवी आहे. गुणगुणत भराभरा घड्या घालणारी. ऑगस्टमध्ये चार दिवस सुट्टी आहे. मी येते. बाकी काही करू नकोस, मला फक्त एकदा पूर्वीसारखी घट्ट वेणी घालून दे. एवढाच हट्ट.

वाट बघ. मी बघतेच आहे.
ठकू


५ ऑगस्ट

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

ये. तुझी गादी उन्हात टाकली आहे. बोटं पुष्कळ सुटली. बघ, अक्षर कसं ओळीत चाललंय! आत्याबाईंनाही प्रवासाचा कंटाळा आलेला दिसतो, दिवसाआड एखादी चक्कर. काल मी काम करताना गुणगुणले, तर फोरमननी आत डोकावून बघितलं. फणी आणि तेलाची बाटली काढून ठेवली आहे.

येताना फार सामान आणू नकोस, तुझं डोकं तेवढं घेऊन ये.
तुझी, आई


१९ ऑगस्ट

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. तू घातलेली वेणी मी तीन दिवस सोडली नाही. डोकं खाजलं, तरी सोडली नाही. मुली विचारत होत्या, बाई, तुम्हाला कशाचं आश्चर्य वाटलंय. काय सांगू त्यांना! माझी आई परत आली, याचं.

चार दिवसांत तू एकदाही चिडली नाहीस. कात्री, सुई, बटणं, सगळं तुझ्या बोटांत पूर्वीसारखं फिरत होतं. बाबा तर नवे असल्यासारखे लाजत होते. शरीराला गोळीची सवय झाली, ते जुळवून घेतं, हे मी वर्गात शिकवते तेच माझ्या घरात खरं झालं. सहामाहीच्या सुट्टीत, ऑक्टोबरअखेर पुन्हा येते. अशीच राहा. मला तू अशीच हवीस.

डोक्यावर हात असू दे, तेलाचा असला तरी चालेल.
ठकू


१४ सप्टेंबर

चि. ठकूस,
आशीर्वाद.

हे पत्र बसमध्ये मांडीवर लिहितेय म्हणून अक्षर असं. काम फार आहे. तुझ्या बाबांशी चार दिवस बोलणं नाही. कारण विचारू नकोस, मला आठवत नाही. त्यांनी उशी उचलून बाहेरच्या खोलीत नेली. रागाने नव्हे, पंखा माझ्यासाठी जोरात लागतो आणि त्यांना सर्दी होते. पण पलंग रुंद वाटायला लागलाय.

तू सारखी अशीच राहा, अशीच राहा लिहितेस. माणूस काय फोटो आहे?
तुझी, आई


४ ऑक्टोबर

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

मागच्या पत्राचं मनावर घेऊ नकोस. त्या दिवशी मीच मला नकोशी झाले होते. आता सगळं छान आहे. बोटं हलकी, डोकं शांत, बाबांची उशीही जागेवर. या वेळी पाचपेडी घालू या.

लवकर ये.
तुझी, आई


८ ऑक्टोबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आज मी आठवीच्या मुलींना नोंदी तारखेप्रमाणे मांडून त्यांतून काय दिसतं ते शोधायला दिलं. त्यांना नमुना दाखवायचा म्हणून हाताशी होती ती तुझी पत्रं टेबलावर ओळीने ठेवली. मजकूर नाही, नुसतं अक्षर बघितलं. जुलैत वाकडं. ऑगस्टमध्ये, मी यायच्या तोंडावर, सरळ. सप्टेंबरात वाकडं. आता मी येणार, तर पुन्हा सरळ. आई, सप्टेंबरातली बस एवढी हलते, तर सगळ्या ओळी एकसारख्या खाली का उतरतात? बस नव्हतीच ना?

मधल्या सुट्टीत बाबांना दुकानावर फोन केला. त्यांना घरी पाठवून तारखा टाकलेलं गोळ्यांचं पाकीट बघायला लावलं. सप्टेंबरच्या वीस तारखेनंतरची एकही गोळी तू घेतलेली नाहीस.

मी भयंकर रागावले होते. दोन पानं लिहून फाडली. त्यांत मी तुला अडाणी म्हटलं होतं. मग जुलैतल्या माझ्या पत्रात काय होतं ते आठवलं. जुनी आई हवी, घट्ट वेणी हवी. मी येण्याआधी तू राखणदाराला दारातून उठवलंस, कारण मीच तसं लिहिलं. ऑगस्टमध्ये डोळ्यांसमोर सगळं होतं. विज्ञान शिकवणारी मी, मला आवडलं तेवढंच बघितलं.

माझा हट्ट मी परत घेते. मला घाम येणारी, डबे फेकणारी, बोटं न वळणारी आई हवी आहे, पण पुढची चाळीस वर्षं हवी आहे. पत्र मिळताच डॉक्टरीणबाईंकडे जा. नाही गेलीस तर मी केस कापून टाकीन.

रागावलेली असले तरी तुझीच,
ठकू


१५ ऑक्टोबर

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

केसांना हात लावलास तर याद राख. वर्षभर टक्कल घेऊन फिरले ती मी. त्याची धमकी मला देऊ नकोस.

अक्षर वाकडं आहे, आणि मी बसमध्ये नाही. तुझ्या पत्राच्या दिवसापासून गोळी पुन्हा सुरू केली आणि परवा तुझे बाबा मला दवाखान्यात घेऊन गेले. तिथे डॉक्टरीणबाईंना त्यांनीच सगळं सांगितलं, अगदी डब्यासकट. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, गुपचूप गोळी बंद करणाऱ्या बायका त्यांना दर आठवड्याला भेटतात, आणि प्रत्येकीला आपण एकटीच असं वाटतं. मग त्यांनी गोळी बदलून दिली. बोटांचे व्यायाम लिहून दिले, आत्याबाईंसाठी वेगळं औषध देता येतं म्हणाल्या. ही नाही सोसली तर दुसरी शोधू, पण सांगून, आणि दार उघडं टाकायचं नाही. फरक पडायला वेळ लागेल, आणि सगळा पडेलच असं त्या म्हणाल्या नाहीत. मला ते आवडलं. खोटं बोलणारी एक घरात आहेच.

आता खरं सांगते. वेणी हे निमित्त होतं. जुलैत गोळी सोडली आणि तीन आठवड्यांनी एका सकाळी माझी बोटं आपोआप उघडली. पाणी नाही, काही नाही. मी अंथरुणातच नुसती मुठीची उघडझाप करत पडून राहिले. तुझे बाबा चहा घेऊन आले, तर मी त्यांचा हात धरला, आणि त्यात दुखलं नाही. तुला जुनी आई हवी होती, ठकू. मला जुनी मी हवी होती. तुझ्याहून जास्त. तू गेल्यावर गोळी सुरू केली तशी ती बाई पुन्हा निघून गेली, आणि मी तिच्यावरचा राग तुझ्या बाबांवर काढला.

तिची आठवण येतच राहणार. पण जन्मभर मी सोळा पानं वाचून उरलेली शेजारणीला देत आले. तुझी गोष्ट मला शेवटच्या फर्म्यापर्यंत स्वतः वाचायची आहे. म्हणून गोळी घेते.

ये. पाचपेडी विसर. साधी तिपेडी घालीन, तीही सैल होईल. घालताना मध्ये आत्याबाई आल्या तर थांबावं लागेल. कुरकुर केलीस तर फणी डोक्यात घालीन.

राग असेल तो इथे आल्यावर काढ, जीव मात्र लावत राहा.
तुझी, आई

ता. क. भूगोलाच्या बाईंसाठी पंखा तयार आहे. तुझ्या बाबांनी त्याला जाळीही बसवली.


९ नोव्हेंबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. पंखा पोचता केला. बाईंनी तो लगेच स्टाफरूमच्या टेबलाखाली लावला आणि डोळे मिटून बसल्या.

तुझी वेणी दुसऱ्या थांब्यावरच सुटायला लागली. अर्ध्या रस्त्यात रबर घरंगळून सीटखाली गेलं. शेजारच्या प्रवासी बाई भल्या होत्या, नीट घालून देते म्हणाल्या. मी नको म्हटलं. घालताना तू तीनदा थांबलीस, एकदा खिडकीत जाऊन उभी राहिलीस, आणि बाबा तेवढ्यात केस सुटू नयेत म्हणून पेड धरून बसले होते. ते सगळं त्या केसांत होतं. दुसऱ्या कुणाच्या हातून विंचरून घ्यायचं मन होईना.

तशीच वर्गात गेले. मुलींनी बघितलं, एकमेकींना कोपरं मारली. मग एकीने धीर करून विचारलं, की बाई, आज तुमची वेणी अशी कशी. मी त्यांना सांगितलं, जे दिसतंय ते लिहा.

गोळी घेतलीस का, हे विचारणार नाही. पुढच्या पत्रात अक्षर बघीन. वाकडं येऊ दे.

तुझी, मोकळ्या केसांची,
ठकू