उतारावरचा फ्रीज

लातूर,
एप्रिलचा दुसरा आठवडा, दुपारचे दोन
(बाहेर बेचाळीस अंश, फ्रीजमध्ये एकोणीस)

प्रिय शेषेराव,

सप्रेम नमस्कार. नांदेडला आपण, वहिनी आणि आपले गुडघे असे सगळे सुखरूप असाल, अशी आशा करतो. इकडे प्रमोदिनीची साखर आटोक्यात आहे, मालविकेचा अभ्यास जोरात चालू आहे आणि मी ठणठणीत आहे. आजारी आहे तो फ्रीज. फोनच केला असता, पण तुम्हाला हल्ली फोनवर ऐकू येत नाही आणि एसटीडी बूथमध्ये उभं राहून फ्रीजची लक्षणं ओरडून सांगायची मला लाज वाटते. मागे पोरांची रांग असते आणि त्यातली निम्मी पोरं लिहून घेतात.

आमची गाडी तुम्हाला ठाऊकच आहे. भूकंपानंतर मदतीला आलेल्या कुठल्याशा परदेशी मंडळींची ती दवाखान्याची गाडी. त्यांचं काम संपल्यावर लिलावात निघाली आणि मी ती घेतली. तेव्हा उमरीतले लोक म्हणाले, मास्तरांच्या डोक्यावर परिणाम झाला. (झालाच होता. स्लॅब डोक्यावर पडल्यावर दुसरं काय होणार? तुम्ही मला त्या ढिगाऱ्यातून ओढून काढलंत आणि तिसऱ्याच महिन्यात स्वतः पक्क्या घरात घोरायला लागलात. मला ते जमलं नाही. आज दहा वर्षं झाली, मी स्लॅबखाली पाठ टेकलेली नाही.) गाडीत दोन बाकं आहेत, शेगडी आहे, पाण्याची टाकी आहे आणि लसी ठेवायचा तो फ्रीज आहे, जो विजेवर चालत नाही, गॅसवर चालतो. खाली ज्योत पेटवायची आणि वर थंडी मिळवायची. पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, पण हा प्रकार बघून मला अजून थोडी भीती वाटते.

उमरीला अंगणात हा फ्रीज नऊ वर्षं बिनतक्रार चालला. प्रमोदिनीचं इन्सुलिन, माझं ताक, क्वचित आंब्याचा रस, सगळं सांभाळलं. मालविकेची सीईटी जवळ आली तसं ठरलं की शेवटचे दोन महिने लेकीला घरचं जेवण मिळालं पाहिजे. म्हणून आम्ही गाडी घेऊन लातूरला आलो. मालविका ज्यांच्याकडे भाड्याने राहते त्या कमलम्मा, म्हणजे निलंग्याकडच्या निवृत्त नर्सबाई. त्यांच्या घराशेजारी त्यांचाच मोकळा प्लॉट आहे. मालविका वर, दुसऱ्या मजल्यावर, आणि आम्ही खाली गाडीत. जागा मी स्वतः निवडली. प्लॉटला उतार आहे, आणि उताराच्या तोंडाशी मोठं मैदान. गाडीचं नाक मैदानाकडे करून ठेवलं की रात्री-अपरात्री धरणी हललीच तर किल्ली शोधा, बॅटरी बघा, काही भानगड नाही. ब्रेक सोडला की गाडी आपोआप उघड्यावर. प्रमोदिनी म्हणाली, "अहो, ताटातलं वरण एका कडेला जाऊन राहिलंय." मी म्हटलं, भात त्या कडेला घे.

(उठून बघून आलो. एकोणीसच.)

तर दुसऱ्याच दिवशी फ्रीज बसला. ज्योत पेटलेली, मागची नळी हाताला चटका देते, पण आत मात्र नावापुरता गारवा. इन्सुलिनची बाटली मी ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवायला निघालो होतो, पण प्रमोदिनीने ती उचलली आणि कमलम्मांच्या फ्रीजमध्ये नेऊन ठेवली. मग सकाळ-संध्याकाळ सुई घ्यायला ती त्यांच्याकडे जायला लागली. मग तिथंच चहा व्हायला लागला. आणि आज आठ दिवस झाले, ती आपली वळकटी घेऊन वर मालविकेच्या खोलीत झोपायला जाते. म्हणाली, "फ्रीज दुरुस्त झाला की येते खाली. नाहीतर तुम्ही या वर. सीईटीपर्यंतच." शेषेराव, मी तिला काय सांगू? ते घर दोन मजली आहे. मी त्याच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर चप्पल काढतो आणि पुन्हा घालतो. म्हणजे हिशेब सरळ आहे. फ्रीज चालला तर बायको खाली, नाही चालला तर मी गाडीत एकटा. एकटं मला राहवत नाही. झोप लागत नाही, पुस्तकात मन लागत नाही, दर अर्ध्या तासाने फ्रीजचं दार उघडून बघतो. (प्रमोदिनी म्हणते, दार इतकं उघडल्यामुळेच तो थंड होत नाही. हे विज्ञान तिला कोणी शिकवलं, तर मीच.)

दुरुस्तीचे सगळे उपाय मी शास्त्रशुद्ध पद्धतीने केले. आधी गॅसची टाकी बदलली, मग रबरी नळी. मग बर्नरचं भोक सुईने साफ केलं. (सुई इन्सुलिनची होती, त्यावरून वेगळं प्रकरण झालं, ते लिहीत नाही.) मग मागच्या बाजूचं धुराडं उघडलं, तर त्यात कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं. वाटलं, सापडला चोर! घर काढलं, फुंकर मारली, ज्योत अशी निळीशार झाली की मी प्रमोदिनीला हाक मारून बोलावलं. ती आली, तिने आत हात घातला, तोच माझ्या गालाला लावून दाखवला आणि परत गेली.

त्यानंतर बाजारातून सिद्रामप्पा मिस्त्रींना आणलं. उदगीरचे आहेत, चाळीस वर्षं फ्रीज दुरुस्त करतात, पण पेटलेला फ्रीज त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. बराच वेळ ज्योतीकडे बघत बसले आणि म्हणाले, "सर, ह्ये फ्रीज हाय का चूल हाय, ते आधी सांगा." मी अमोनिया कसा उकळतो, कसा वर चढतो, कसा थंड होऊन खाली उतरतो, हे गाडीच्या पत्र्यावर खडूने काढून समजावलं. समजावताना मागे कोणीतरी उभं आहे असं वाटलं म्हणून वळून बघतो, तर चौदा मुलं वह्या काढून उभी. एकाने हात वर केला. "सर, हे सीईटीला येतं का?"

इथं लातुरात हीच अडचण आहे. चष्मा, खडू आणि म्हातारा माणूस एका जागी दिसला की लोक त्याला क्लास समजतात. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला गाडीचं दार वाजलं. बाहेर चाकूरकडचे एक गृहस्थ मुलाला घेऊन उभे, त्यांच्यामागे आणखी सहा पालक. "सर, फॉर्म कुठं मिळायलेत? गाडीतल्या सरांची बॅच लई भारी हाय म्हणतेत." मी म्हटलं, मी फ्रीज दुरुस्त करतोय. ते मुलाकडे वळून म्हणाले, "बघ, प्रॅक्टिकल बी करून घेतात." त्यांना परत पाठवायला दीड तास लागला, आणि जाताना त्यातल्या एका मातेने मुलाला माझ्या पाया पडायला लावलं.

सिद्रामप्पांनी शेवटी निदान केलं की नळीत हवा अडकली आहे. त्यावर उपाय म्हणजे फ्रीज काढून पूर्ण दिवसभर उलटा ठेवायचा. ठेवला. शीर्षासनात असलेला फ्रीज बघायला निम्मी गल्ली आली. संध्याकाळी सुलटा करून पेटवला. रात्री जेवेपर्यंत सतरा अंश! मी आनंदाने जिन्यापर्यंत पळत गेलो. (वर गेलो नाही.) परत येईपर्यंत पुन्हा एकोणीस.

तेव्हा आता मुद्द्याचं लिहितो. ज्योतीजवळ तांब्याची एक बारीक नळी असते, टोकाला वाटाण्याएवढं बोंडूक. ती गेली असावी, असा माझा तर्क आहे. नांदेडला जुन्या सामानाच्या बाजारात परदेशी गाड्यांचे सुटे भाग येतात असं ऐकलं आहे. सोबत चित्र काढून पाठवतो आहे. तुम्ही स्वतः जाऊन बघावं, मुलाला पाठवू नये, तो भलतंच आणेल. मिळाली की ताबडतोब पाठवावी. माझा सगळा संसार सध्या त्या नळीवर अडून राहिला आहे.

वहिनींना नमस्कार. लहानांना आशीर्वाद.

आपला, अजून उघड्यावरच असलेला,
शरदचंद्र

ता. क. पत्र पाकिटात घातलं होतं, पुन्हा बाहेर काढतो आहे. नळी शोधू नका. आत्ता कमलम्मा ताकाचा तांब्या घेऊन आल्या होत्या. फ्रीजकडे बघून म्हणाल्या, "अय्यो, आमच्या दवाखान्यात असलाच होता की, रॉकेलवरचा." मग त्यांनी पदराच्या गाठीतलं लिंबू काढून फ्रीजच्या फळीवर ठेवलं. लिंबू गडगडत दारातून बाहेर, गाडीतून खाली आणि थेट मैदानाकडे. "सर, लिंबू पळतंय, मग नळीतलं औषध कसं फिरावं? ह्याला सपाट जागा लागती. तिरका ठेवला की बसला." शेषेराव, पस्तीस वर्षं मी मुलांना सांगत आलो की द्रव उताराकडे वाहतो. उमरीचं अंगण सपाट होतं, म्हणून तिथं चालला. इथं मीच हौसेने उतार शोधला. पुढच्या चाकांखाली फळ्या घालून गाडी सपाट केली आहे. आता ब्रेक सोडला तरी ती जागची हलणार नाही, हे मनात आलं की खिशातली किल्ली चाचपून बघतो, पण फ्रीज बारा अंशांवर आला आहे.

ता. क. २. सकाळी पाच अंश! प्रमोदिनीला सांगायला निघालो होतो. जिन्यापाशी कमलम्मा भेटल्या. त्यांना वाटलं, मला सगळं माहीत आहे. म्हणाल्या, "ताई वर झोपायला आल्यापासून पोरगी जेवायलीय, बरं झालं." मी विचारलं, आधी जेवत नव्हती का? तेव्हा त्यांनी सांगितलं. प्रत्येक चाचणीच्या सकाळी मालविकेला उलट्या व्हायच्या. रात्रभर खोलीत येरझाऱ्या घालायची आणि खाली आमच्याकडे येताना तोंड धुऊन, हसत यायची. या आठ दिवसांत उलटी नाही. आईच्या पदराचं टोक मुठीत धरून झोपते, सतरा वर्षांची घोडी. प्रमोदिनीने मला हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पोरीसाठी मला वर जावं लागलं असतं आणि ते मला झेपणार नाही, हे ती जाणून आहे. मी चप्पल घातली आणि परत आलो. फ्रीज दुरुस्त झाला म्हटल्यावर ती दिल्या शब्दाला जागून खाली येणार, तेही माझ्यासाठी. म्हणून चाकांखालच्या फळ्या काढून टाकल्या. दुपारपर्यंत पुन्हा एकोणीस अंश होतील.

ता. क. ३. कमलम्मांना शपथ घातली आहे, तुम्हालाही घालतो. फ्रीज बिघडलेलाच आहे. विनंती एवढीच की या शनिवारच्या एसटीने या. प्रमोदिनीला सांगा, लातुरात काम निघालं. रात्री जेवण झालं की माझा दंड धरा आणि मी काहीही कारण सांगितलं तरी न ऐकता मला जिना चढवा. वर मालविकेच्या खोलीशेजारी एक खोली रिकामी आहे, दोन खाटा मावतात. ती एक रात्र तुम्ही माझ्याजवळ झोपा. रविवारी सकाळी जायला मोकळे. रविवारच्या रात्रीचं मी बघतो.